सुई, दोरा आणि हिशेबाची वही



खळी उरकली, धान्य कणगीत पडले आणि तुळशीचे लग्न लागून गेले, की आपल्याकडे लगीनसराईची बोलणी सुरू होतात. पाठोपाठ रुखवताचा विषय निघतो. पूर्वी रुखवतातले ताटावरचे रुमाल, तोरणे, टोपडी घरातच विणली जात. आता पुष्कळ घरी ती तालुक्याच्या दुकानातून विकत येतात. पैसा जातो हे एक. आणि आजीच्या हातातली कला आजीबरोबरच जाते, हे दुसरे. म्हणून आज खते आणि फवारण्या बाजूला ठेवून क्रोशाबद्दल चार गोष्टी सांगते.

शेतीखात्याच्या माणसाला क्रोशाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. 1845 साली आयर्लंड देशात बटाट्यावर करपा पडला. आपल्याकडे ढगाळ, थंड, दमट हवेत बटाट्यावर आणि टोमॅटोवर जो करपा झपाट्याने पसरतो, तोच हा रोग. त्या देशातला गरीब शेतकरी एका बटाट्यावर जगत होता. पीक सडले, पुढेही काही वर्षे सडत राहिले आणि सुमारे 10 लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. त्या दिवसांत तिथल्या मठांतून आणि गावांतून बायकामुलींना क्रोशाची लेस विणायला शिकवले गेले. ती लेस विकून कित्येक घरांची चूल पेटती राहिली. तिथल्या क्लोन्स या गावाची लेस आजही त्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. क्रोशाने पिकाची भरपाई होत नाही, हे खरे. पण एकाच पिकावर घर टांगून ठेवू नये, हा धडा शेताला जसा लागू आहे, तसा घरातल्या हातांनाही लागू आहे.

आता कामाला लागू.

साहित्य थोडेच लागते. शिकताना बारीक दोरा घेऊ नका. जाड सुती दोरा किंवा लोकर आणि 3 ते 4 मिलिमीटरची सुई घ्या. रंग फिका असावा. काळ्या किंवा गडद दोऱ्यावर टाके दिसत नाहीत आणि शिकणारीचे डोळे दुखतात. हात बसल्यावर बारीक दोऱ्याकडे जा. दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. 20 नंबरच्या दोऱ्याला साधारण सव्वा मिलिमीटरची सुई लागते. पोलादी सुयांवरचे नुसते नंबर प्रत्येक कारखान्याचे वेगळे असू शकतात, म्हणून खरेदी मिलिमीटर पाहून करावी.

कापूस वेचून, खुरपून हात खरबरीत झालेले असतात, त्यात दोरा अडकतो. हाताला थोडे तेल चोळून कोरड्या फडक्याने चांगले पुसावे आणि मग बसावे. फवारणीच्या दिवशी साबणाने स्वच्छ अंघोळ केल्याशिवाय दोऱ्याला हात लावू नका. टोपडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर जाणार असते.

दोऱ्याचा गुंडा घरभर पळतो. तो तांब्यात ठेवा, की जागच्या जागी फिरतो, मळत नाही आणि मांजराच्याही तावडीत सापडत नाही.

पहिला टाका म्हणजे साखळी. दोऱ्याच्या टोकाशी सरकफास करून तो सुईवर चढवा. दोरा सुईच्या आकड्यावर घ्या आणि फासातून ओढून काढा. ही एक साखळी झाली. सुईवर असलेला फास मोजायचा नाही. पहिले दोन दिवस नुसती साखळी घाला आणि उसवा, पुन्हा घाला. सगळ्या साखळ्या सारख्या आकाराच्या येऊ लागल्या, की अर्धी विद्या आली. क्रोशाचे काम उसवले तरी दोरा वाया जात नाही, म्हणून उसवायला भिऊ नये.

दुसरा टाका मुका खांब. 21 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून घ्या. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्ही फासांतून एकदम काढा. असे ओळीच्या शेवटपर्यंत करा, 20 मुके खांब होतील. काम वळवा, एक साखळी घाला आणि परत 20 विणा.

तिसरा टाका खांब. यासाठी 22 साखळ्या घाला. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग सुईपासून चौथ्या साखळीत सुई घालून दोरा ओढा. सुईवर तीन फास झाले. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढा. सोडलेल्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरायच्या, म्हणजे ओळीत 20 खांब भरतात. पुढच्या ओळीला 3 साखळ्या घालून वळायचे. त्या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी असतात, म्हणून पुढचा खांब दुसऱ्या खांबावर घालायचा आणि शेवटचा खांब खालच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर. नव्या मुली हा शेवटचा खांब विसरतात. दर ओळीला एक खांब कमी होत जातो आणि चौकोनी रुमालाचे त्रिकोणी फडके होते. उपाय एकच, दर ओळीला मोजणे. पेरताना ओळी मोजता, तसे खांब मोजा.

गोल रुमालाचेही गणितच आहे. 6 साखळ्या घालून त्यांचे कडे करा. त्यावर 3 साखळ्या आणि 11 खांब, मिळून 12. फेरी जोडताना सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत सुई घालून दोरा थेट फासातून काढावा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे 24. तिसरीत एक सोडून एकावर दोन, म्हणजे 36. चौथीत दर तिसऱ्या खांबावर दोन, म्हणजे 48. फेरीला 12 वाढवत गेले, की रुमाल सपाट बसतो. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर झालर येते. टोपडे विणताना हीच वाटी आपण मुद्दाम करतो.

आता मुली मोबाइलवर पाहून नवे नमुने शिकतात, ते चांगलेच आहे. एक सावधगिरी बाळगा. अमेरिकन नमुन्यातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब. इंग्लंडच्या नमुन्यातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. नमुना कुठला आहे ते आधी पाहा, नाहीतर सगळे मापच चुकते.

काम शिकण्याइतकेच ते सांभाळणे महत्त्वाचे. एका कामाची एक पिशवी, हा नियम घाला. जुन्या लुगड्याची छोटी पिशवी शिवा; तीत त्या कामाचा दोरा, त्याचीच सुई आणि अर्धे झालेले काम ठेवा. काम थांबवताना सुईवरच्या फासात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे ते उसवत नाही. कितवी फेरी चालू आहे ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका. जास्तीच्या सुयांसाठी कापडाचे अरुंद खण शिवा आणि गुंडाळी करून नाडी बांधा. पावसाळ्यापूर्वी सुया कोरड्या पुसून ठेवाव्यात, गंजक्या सुईचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून सहजी जात नाही.

बियाण्याच्या पिशवीची खूणचिठ्ठी आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, असे मी नेहमी सांगते. दोऱ्याचेही तसेच आहे. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाचा आणि लॉटचा क्रमांक असतो. एकाच रंगाचे दोन लॉट शेजारी विणले तर फरक डोळ्यांत भरतो. म्हणून मोठ्या कामाचा दोरा एकदमच घ्यावा आणि पट्टी वहीत चिकटवावी. लाल किंवा गडद दोरा पांढऱ्याजवळ विणण्याआधी त्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग उतरला तर तो बेत सोडा.

दोरा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, पण पुरता कोरडा असेल तरच. दमट दोरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला, की बुरशी धरतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत खडखडीत वाळवून पातळ फडक्यात बांधा. ओला पाला डाग पाडतो.

आणि हे नीट वाचा. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी दोऱ्यासाठी, धान्यासाठी, कशासाठीही घरात वापरू नका. धान्यातल्या किडीसाठी वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कपड्यांच्या पेटीत किंवा दोऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात. कसरीपेक्षा हा उपाय भयंकर आहे.

शेवटी हिशेब. विणलेले काम विकायचे असेल तर वहीत तीन गोष्टी लिहा: दोरा किती लागला, तास किती लागले, पैसे किती मिळाले. समजा, 8 तासांच्या शेतमजुरीला 320 रुपये मिळतात. म्हणजे तासाला 40. रुमालाला 10 तास लागले आणि दोरा 80 रुपयांचा, तर रुमाल 480 रुपयांना पडला. व्यापाऱ्याने 200 दिले, तर दोरा वजा जाता 120 उरले, म्हणजे तासाला 12 रुपये. घ्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आकडा समोर ठेवून ठरवा.

आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचे गाव आहे. तिथल्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली आणि ती पुढे परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने तिथल्या बायकांच्या कामाचा अभ्यास करून 1982 साली पुस्तक लिहिले. दिवसाचे कित्येक तास विणूनही त्या बायकांना 'घरी बसणाऱ्या' म्हटले जाई, त्यांचे काम फावल्या वेळचे मानले जाई आणि म्हणूनच मजुरी इतकी थोडी दिली जाई, असे त्यांनी दाखवून दिले. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, त्याचा आनंदच आहे. पण विणणारीच्या पदरात किती पडते, हे तिच्या वहीतच कळणार.

फावला वेळ हा शब्द आपल्याकडे बाईच्या कामाला फार सहज चिकटतो. भाकऱ्या, गुरे, शेत आटोपून जो तास उरतो, तो फुकटचा नसतो. तो विश्रांतीतून काढलेला असतो. स्वतःच्या घरासाठी, लेकीच्या रुखवतासाठी विणलेत तर त्याचे मोल मायेत आहे, तिथे हिशेब नको. विकायला काढलेत, की मात्र वही उघडलीच पाहिजे.

या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या जुन्या सुया आणि दोऱ्याचे गुंडे शोधा, झटका, लावून ठेवा. आजी असेल तर तिच्याजवळ बसून तिचा एक तरी नमुना शिकून घ्या आणि किती साखळ्या, किती खांब ते वहीत उतरवा. डोळ्यांनी दिसत नसले तरी तिच्या बोटांना सगळे आठवत असते.