वजन नव्हे, गुडघे पाहा



रोड बाइकला सर्वांत हलके क्लिपलेस पेडल घ्यावे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. वाचलेले पन्नास-शंभर ग्रॅम म्हणजे बाटलीतले चार घोट पाणी! आधी पाहायची ती क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बसून पेडलमध्ये अडकणारा तुकडा. शिमानोच्या एसपीडी-एसएल प्रकारात पिवळी क्लीट पावलाला 6 अंश हलू देते, निळी 2, लाल शून्य. लाल क्लीट जरा तिरकी बसली तरी भुर्दंड गुडघ्याला. नवख्याने पिवळीच घ्यावी, पेडलची स्प्रिंगही सैल ठेवावी; म्हणजे सिग्नलला पाय चटकन सुटतो. आणि सिंहगडावर पिठलं-भाकरीसाठी चालायचे असेल, तर दोन स्क्रूंचे एसपीडी बरे. त्याची धातूची क्लीट बुटाच्या तळातील खाचेत राहते, एसपीडी-एसएलच्या प्लॅस्टिक क्लीटसारखी झिजत नाही. रोडवाले नाके मुरडतील, खुशाल मुरडोत.

– एक सायकलस्वार, पुणे