मुलांना काय सांगायचे?

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून मुलांच्या भाषणांची तयारी सुरू होते. पाच-सहा वर्षांचे पोर मंचावर उभे राहते आणि आईने पाठ करून घेतलेले भाषण एका दमात म्हणून टाकते. महाडचे पाणी, काळाराम मंदिर, संविधान, धम्मदीक्षा, सगळे दोन मिनिटांत! टाळ्या पडतात, वही-पेन मिळते. आम्हीही त्या टाळ्या वाजविल्या आहेत. पण मंचावरून उतरलेल्या त्या पोराच्या हातात वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न चळवळीने स्वतःला किती वेळा विचारला? आमच्या बुकस्टॉलवर थोरांसाठी ग्रंथांचे ढीग असतात. मुलांसाठी एक चित्रमय चरित्र आणि सोबत एक निळा बिल्ला, एवढ्यावर आम्ही मोकळे होतो.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी १९१९ साली स्वतःला विचारला होता. त्याच्या उत्तरातून पुढे आलेल्या कवीचे नाव लँग्स्टन ह्यूज. आमच्या जुन्या वाचकांना हे नाव परके नाही. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, त्यांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली, आणि १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. काळ्या साहित्यातला संताप आमच्याकडे आला, आणि तो यायलाच हवा होता. मुलांसाठी लिहिणारा ह्यूज मात्र बोटीतच राहून गेला.

१ फेब्रुवारी १९०१ रोजी मिसुरी राज्यातल्या जॉपलिन गावी त्याचा जन्म झाला. वर्णभेदाला कंटाळून बाप मेक्सिकोला निघून गेला. आई कामाच्या शोधात गावोगाव फिरत राहिली. पोर वाढले ते कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सला, आजीजवळ. या आजीचा पहिला नवरा गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राऊनबरोबर १८५९ साली हार्पर्स फेरीच्या उठावात मारला गेला होता. गोळ्यांनी चाळण झालेली त्याची शाल तिने जपून ठेवली होती, आणि तीच शाल ती नातवाच्या अंगावर पांघरायची. आजीच्या गोष्टींत कोणी रडत नसे, असे ह्यूजने पुढे आत्मचरित्रात नोंदवले. गोष्टीतली माणसे काम करीत, कट रचीत, लढत. पुढचा सगळा ह्यूज या एका नोंदीत आहे.

१९०८ साली टोपेका शहरात आईने शाळेच्या अधिकाऱ्यांशी भांडून त्याला गोऱ्यांच्या शाळेत घातले. तिथली एक शिक्षिका वर्गात काळ्यांवर टोमणे मारी. मग शाळा सुटल्यावर काही पोरे दगड आणि डबे घेऊन त्याला घरापर्यंत पिटाळीत. एक गोरा मुलगा मात्र नेहमी त्याच्या बाजूने उभा राहायचा, हेही ह्यूजने लिहून ठेवले आहे. (याच टोपेका शहरातल्या शाळेवरून १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरविला.) पुढे इलिनॉयमधल्या लिंकन गावी आठवीच्या वर्गाने त्याला 'वर्गकवी' म्हणून निवडले. तोपर्यंत त्याने एकही कविता लिहिली नव्हती! शिक्षिका म्हणायच्या की कवितेला ताल लागतो, आणि काळ्यांच्या अंगात ताल असतोच, असा गोऱ्या पोरांचा समज होता. 'तुमच्या लोकांचा गळा छान असतो' असे म्हणणारे सज्जन आम्हालाही भेटलेले आहेत. ह्यूजने तो समज हसत हसत वापरून घेतला आणि कामाला लागला.

आता १९१९ चा तो प्रश्न. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस म्हणजे ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून काळ्यांच्या युनोकडील अर्जाची प्रत मागितली, तेच. त्यांच्या 'क्रायसिस' मासिकाचा दरवर्षी मुलांचा अंक निघे. त्याच अंकात काळ्यांना झाडाला टांगून मारल्याच्या बातम्याही छापाव्या लागत, कारण त्या खऱ्या होत्या. एका बारा वर्षांच्या मुलीने त्यांना कळविले की मी गोऱ्या माणसाचा द्वेष करते. ड्यू बॉइस हादरले. मुलांना द्वेष शिकवायचा नाही, आणि आपण कोण आहोत हे त्यांच्यापासून लपवायचेही नाही, मग करायचे काय? त्यांनी जेसी फॉसेट यांच्या साथीने जानेवारी १९२० मध्ये काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' हे मासिक काढले. खेळ, कोडी, पऱ्या, थोरांची चरित्रे, वाचक मुलांची पत्रे. १९२१ च्या जानेवारीत त्यात शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ह्यूजच्या कविता आल्या. विषय काय? बर्फ आणि पऱ्या! डिसेंबर १९२१ मध्ये पैशाअभावी मासिक बंद पडले. जेमतेम चोवीस अंक निघाले, पण तेवढ्यात कवी सापडला होता.

त्या काळी काळ्या मुलांच्या वाट्याला कोणती पुस्तके येत? 'लिटल ब्लॅक सांबो' हे हेलन बॅनरमन या इंग्रज राजवटीत भारतात राहिलेल्या बाईंचे १८९९ चे पुस्तक घरोघरी होते. गोऱ्या पोराला त्यातली चित्रे पाहून गंमत वाटते, पण ज्याने आधीच खूप घाव सोसले आहेत त्या पोराला तो आणखी एक टोमणा असतो, अशा आशयाचे ह्यूजने १९३२ साली लिहिले. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या ग्रंथपाल एफी पॉवर यांच्या मागणीवरून त्याचा 'द ड्रीम कीपर' हा मुलांसाठीचा संग्रह निघाला.

या संग्रहातली कारागिरी पाहण्यासारखी आहे. ओळी इतक्या छोट्या की वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाने बोट ठेवून वाचाव्यात. शब्द रोजचे. आई मुलाशी बोलते ते राबणाऱ्या आईच्याच बोलीत, व्याकरण 'सुधारून' नव्हे. गोऱ्या प्रतिष्ठितांनी हिणवलेले ब्लूज गाणेही त्याने मुलांपुढे ठेवले, आणि ब्लूज म्हणजे काय ते समजावणारी टीप जोडली. आमच्या आजीची जात्यावरची ओवी कोणत्या बालगीतांच्या पुस्तकात आहे? आमच्या मुलाने घरी 'व्हय' म्हणायचे आणि पुस्तकात 'होय' वाचायचे, आणि आपली आई अडाणी आहे असे मनात धरून बसायचे!

१९३२ मध्येच मित्र आर्ना बाँटेम्प्स यांच्यासह त्याने 'पोपो अँड फिफिना' लिहिले. हैतीतल्या कोळ्याची दोन पोरे, अनवाणी, गरीब. पण पोपोच्या डोक्यात असतो पतंग! गरिबी पानोपानी आहे, तिची कीव मात्र कुठेच नाही. आमच्या पोरांवर जे काही लिहिले जाते, त्यात बहुधा नेमके उलटे घडते.

बाबासाहेबांनीही नेमके हेच केले आहे, याकडे आम्ही फारसे लक्ष दिले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी १९०१ सालचा मसूर स्टेशन ते गोरेगाव हा बैलगाडीचा प्रवास सांगितला आहे. पाणी मिळाले नाही, रात्र तहानेने काढली, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. पण सुरुवात कशाने होते? नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे! वडिलांना भेटायला निघालेल्या पोरांचा तो आनंद आधी येतो, आणि म्हणूनच स्टेशनमास्तर जात ऐकून निघून जातो तेव्हा आपल्या काळजात कळ उठते. आम्ही टोप्या गाळतो आणि मुलांना फक्त तहान सांगतो. २००६ साली खैरलांजी घडले तेव्हा आमच्याच घरातल्या मुलाने विचारले, 'त्यांना का मारले?' आम्ही वर्तमानपत्र घडी करून ठेवले. लिहिणे हा ज्यांचा धंदा, त्यांच्यापाशी त्या मुलाला द्यायला एक वाक्य नव्हते.

ह्यूजला देव करण्याचे कारण नाही. १९५३ च्या मार्चमध्ये मॅकार्थीच्या समितीने त्याला चौकशीला उभे केले. त्यानंतर तो नमला. १९५४ साली मुलांसाठी त्याने प्रसिद्ध काळ्या अमेरिकनांची चरित्रे लिहिली, त्यात ड्यू बॉइस नाहीत! ज्यांच्या मासिकाने त्याच्या पहिल्या बालकविता छापल्या, तेच गाळले. पोटाचा प्रश्न होता, प्रकाशकाचे दडपण होते, हे आम्हाला समजते. पण मुलांच्या पुस्तकातून नाव गाळणे म्हणजे एका पिढीच्या डोक्यातून ते गाळणे. पाठ्यपुस्तकांतून फुले-आंबेडकरांचे धारदार विचार कसे बोथट केले जातात ते आम्ही पाहतो. ते काम कधीकधी आपलाच माणूसही करतो.

२२ मे १९६७ रोजी ह्यूज वारला. हार्लेममध्ये १२७ व्या रस्त्यावर तो राहत असे. घराच्या पायऱ्यांशेजारी मातीचा एक लहानसा तुकडा होता. पोरे तिथून धावत जात आणि माती तुडवीत. ह्यूजने त्यांना हाकलले नाही. तिथे त्यांच्याच हातांनी रोपे लावून घेतली आणि प्रत्येक रोपाशेजारी ते लावणाऱ्या मुलाच्या नावाची पाटी रोवली.