थेटर कुणाच्या बापाचं?



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती! कलावंत ढसाढसा रडले, लोकांनी मदतीला हात पुढं केला. आणि आपल्यातलेच काही म्हणाले, जळू दे की, नाटकं त्यांची, थेटर त्यांचं.

हे मला मान्य नाही. मी मुरगूडचा, सूतगिरणीत पाळ्या करणारा. पुस्तकं उधारीवर वाचलीत, पण एवढं कळतं. १९१५ चं हे पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी उभं केलं. शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान, तेही त्यांचंच. याच राजानं १९०२ ला मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्याला, १९२० ला माणगावात बाबासाहेब हेच तुमचे पुढारी म्हणून सांगितलं. त्याच्या भिंती आपल्याला परक्या? आणि राजाचा खजिना तरी कुठला? रयतेच्या घामाचा. त्यात आपल्या पणज्यांची वेठबिगारी धरा, मग हिशेब करा.

इमारत सरकार बांधील. राखायची कुणी? आपण जायचं, पण नुसतं झाडू मारायला नाही. ते काम पिढ्यान्‌पिढ्या केलंय. स्वयंसेवक आपण आणि खुर्चीत ते, हा धंदा बंद! जमाखर्च बघायचा. तारखांच्या वहीत भीमजलसा लिहून घ्यायचा, तोही शनिवार-रविवारी, मंगळवारच्या दुपारी नाही. भाडं गिरणीच्या पगाराला झेपेल एवढंच.

ती वही मागायला कोण येतंय? रात्रपाळी सुटली की मी पहिली एस्टी धरतो.