आधी वही, मग दुर्बीण

पक्षीनिरीक्षण म्हटले की गळ्यात दुर्बीण अडकवलेला सुखवस्तू गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. दुर्बीण नाही म्हणून कित्येकजण सुरुवातच करत नाहीत. माझ्या मते आधी लागते ती वही. आम्ही वाणिज्यवाले प्रथम रोजकीर्द लिहितो, खतावणी नंतर. इथेही तसेच. तारीख, वेळ, जागा. मग आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा (सालिम अलींनी १९४१ च्या पुस्तकात हेच माप वापरले). चोच, शेपटी, चाल, आवाज. नाव शेवटी.

हे मी ठेच लागून शिकलो. कॉलेजच्या कुंपणात दिसलेल्या पक्ष्याला मी ‘भारद्वाज’ म्हणालो, माझा कन्नड मित्र ‘केंबूत’. दोघेही हट्टाला पेटलो. अखेर वह्या उघडल्या. दोन्हींत तेच: कावळ्याएवढा, अंग काळे, पंख विटकरी, डोळे लाल, झुडपांतून चालणारा. पक्षी एकच होता!

नावावरून भांडणे सोपे. नीट पाहून लिहिणे कष्टाचे. उद्या सूर्योदयानंतर बेळगावच्या किल्ल्याजवळील तळ्याकाठी तासभर गुपचूप बसा. भडक कपडे नकोत, घरट्याला हात नको. एकच पक्षी पाहा, पण दोन्ही भाषांत टिपा.