गुटगुटीत की निरोगी? बाळाच्या दुधातील प्रथिनांचे माप

घरात बाळ आले की पहिल्या आठवड्यापासून त्याच्या वजनाची चर्चा सुरू होते. आजीला नातू गुटगुटीत हवा असतो, आत्या-मावश्या शेजारच्या बाळाशी तुलना करतात, आणि 'आईचे दूध पुरत नसावे' अशी शंका कोणी बोलून दाखविली की संध्याकाळपर्यंत दुधाच्या भुकटीचा डबा घरी येतो. व्यापारी कुटुंबात डबा निवडतानाही सवयीचा हिशेब मांडला जातो: महाग तो चांगला आणि ज्यात प्रथिने अधिक तो अधिक पौष्टिक. बाळाच्या पहिल्या वर्षात हा हिशेब चुकतो.

आईच्या परिपक्व दुधात 100 मिलिलिटरमागे प्रथिने सुमारे एक ग्रॅम असतात. गाईच्या दुधात ती तीन ग्रॅमहून अधिक असतात. वासराला दोनेक महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट व्हायचे असते; मानवी बाळ त्यासाठी साधारण पाच महिने घेते. जिची वाढ सावकाश, तिची गरजही वेगळी. वासरासाठी योग्य असलेले माप बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर भार टाकते. शिवाय गाईच्या दुधात लोह अल्प असते आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे नकळत रक्तही झिरपते. म्हणून वर्षाच्या आत गाईचे वा म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. पाणी घालून ते 'हलके' केल्याने प्रथिने कमी होतात, परंतु बाळाला लागणारी ऊर्जाही तितकीच घटते.

प्रमाणाइतकाच प्रकारही महत्त्वाचा आहे. दूध नासले की पांढरा चोथा आणि हिरवट पाणी वेगळे होते. चोथ्यात मुख्यतः केसिन हे प्रथिन असते. त्या पाण्यालाच व्हे म्हणतात आणि त्यात विरघळून राहणारी ती व्हे-प्रथिने. गाईच्या दुधात केसिन 80 टक्के व व्हे 20 टक्के असते. आईच्या दुधात व्हे अधिक, म्हणजे साधारण 60 टक्के असते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या पिवळसर चिकात तर त्याहूनही जास्त. केसिनचा पोटात घट्ट गोळा होतो, व्हे लवकर पचते. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांच्या बहुतेक भुकट्यांत व्हे मिसळून हे प्रमाण आईच्या दुधाजवळ आणलेले असते. तरीही दोन्हींतील व्हे एकसारखे नसते. गाईच्या व्हेमधील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रमुख प्रथिन मानवी दुधात नसतेच. आईच्या दुधातील रोगप्रतिकारक घटकही डब्यात भरता येत नाहीत.

सोयाबीनच्या प्रथिनांची भुकटी आणि प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली भुकटी हे प्रकार विशिष्ट कारणांसाठी आहेत. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला शौचातून रक्त, अंगावर पुरळ, वारंवार उलट्या असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी 'शेळीचे दूध देऊन पाहू' हा घरगुती उपाय धोक्याचा ठरतो, कारण दोन्ही दुधांतील प्रथिने बरीच मिळतीजुळती असतात. कोणती भुकटी द्यावी हे बालरोगतज्ज्ञानेच ठरवावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची प्रथिनांची गरज अधिक असते. तो निर्णयही त्यांचाच.

युरोपातील पाच देशांत भुकटीच्या दुधावर वाढणाऱ्या हजाराहून अधिक बाळांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. काहींना पहिल्या वर्षात कमी प्रथिनांची, तर काहींना अधिक प्रथिनांची भुकटी देण्यात आली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची उंची जवळपास सारखीच होती, मात्र अधिक प्रथिने घेतलेली बाळे वजनाने भारी होती. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहाव्या वर्षी त्या गटात स्थूलतेचा धोका दुपटीहून अधिक आढळला. उंची तेवढीच आणि भार मात्र वाढला. ज्याला घर 'बाळसे' म्हणून कौतुकाने पाहते, ते पुढच्या वयाचे ओझे ठरू शकते.

मग वाढ योग्य आहे हे कसे ओळखावे? जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. याच काळात घाबरून डबा आणला जातो. आठवड्याभराचे बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करीत असेल आणि वजन हळूहळू वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे आलेख सहा देशांतील स्तनपानावर वाढलेल्या बाळांवरून तयार झाले. त्यांत दिल्लीची बाळेही होती. आलेखावर बाळाची रेषा सर्वांत वर असावी, असे नाही. ती आपल्या वाटेने सातत्याने चढत राहावी.

भुकटी देणे आवश्यकच झाले, तर डब्यावरील माप तंतोतंत पाळावे. चमचा शिगोशीग भरल्याने पोषण वाढत नाही, मूत्रपिंडांचा भार वाढतो. काटकसरीने पाणी वाढविले तर बाळ उपाशी राहते. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी 70 अंशांखाली जाण्याआधीच ती कालवावी, मग कोमट करून दोन तासांच्या आत पाजावी. 'डीएचए' घातलेल्या डब्यात ते शेवाळापासूनचे की माशाच्या तेलाचे, हेही घटकांच्या यादीत पाहून घ्यावे.

औषधांच्या दुकानांचा व्यवसाय असलेल्या कुटुंबांवर याबाबत दुहेरी जबाबदारी आहे. 1992 च्या कायद्याने बालदुग्धाच्या पर्यायांची जाहिरात करणे, मोफत नमुने देणे, विक्रीसाठी आमिष दाखविणे निषिद्ध आहे. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. काउंटरवर चिंतातुर आजी 'सर्वांत भारी डबा' मागते, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेतला का, असा एक प्रश्न विचारणारा दुकानदार त्या दिवशी एक विक्री गमावील; परंतु एका बाळाचे हित राखील.