धुक्याचें पाणी

पाणी म्हटलें कीं विहीर, नदी, तळें किंवा नळ एवढींच स्थानें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. धुक्यांतही पाणी असतें, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. अमरकोशकारानें मात्र नीहाराला तुषार व हिम यांच्याच पंक्तीस बसविलें आहे. हें धुकें जाळ्यांत धरून त्याचें पाणी करण्याचा जो प्रयोग दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत झाला, त्याची हकीकत या खेपेस वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चिलीच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर पाऊस अगदीं थोडा. परंतु महासागरावरून येणारें दाट धुकें तेथील डोंगरांना वारंवार वेढून टाकतें. तेथील लोक त्यास ‘कामांचाका’ म्हणतात. चुंगुंगो हें या किनाऱ्यावरील कोळ्यांचें खेडें. तेथें पाणी दुरून मोटारींतून आणावें लागे आणि तें माणशीं दिवसास सुमारें १४ लिटर मिळे.

गांवाच्या वरच्या अंगास एल तोफो नांवाचा डोंगर आहे. १९८७ सालीं चिलीच्या पिलार सेरेसेदा, कॅनडाचे रॉबर्ट शेमेनॉवर प्रभृति शास्त्रज्ञांनीं तेथें जाळीं उभारण्यास आरंभ केला. धुक्याचा कण इतका सूक्ष्म असतो कीं तो खालीं न पडतां वाऱ्याबरोबर आडवा वाहत जातो. वाऱ्याच्या वाटेंत दोन खांबांमध्यें प्लॅस्टिकच्या धाग्यांची जाळी ताणून बांधली म्हणजे हे कण धाग्यांस चिकटतात, एकमेकांत मिसळून थेंब होतात व ओघळून खालच्या पन्हळींत पडतात. कापड लावल्यास वारा त्यास वळसा घालून निघून जाईल, म्हणून जाळीच हवी. ती दुपदरी असते. पदर एकमेकांवर घासले कीं थेंब लवकर सुटतात. पुढें उतारावरून पाणी आपोआप नळानें गांवांत येतें. यंत्र नको कीं इंधन नको.

प्रत्येकी ४८ चौरस मीटरांचीं अशीं सुमारें १०० जाळीं तेथें उभीं राहिलीं. त्यांपासून दररोज सरासरीनें १५,००० लिटर पाणी मिळे. १९९२ सालीं तें घरोघर पोहोंचलें. तीनशेंवर वस्तीच्या त्या गांवांत माणशीं ३० लिटरांहून अधिक पाणी झालें व परसांत भाजीपाला होऊं लागला.

परंतु हें सुख टिकलें नाहीं. वाऱ्यानें जाळीं फाटत, दोर सैल पडत, वस्तीही वाढली. दुरुस्ती कोणीं करावी व तिचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न नीट सुटला नाहीं. २००२ च्या सुमारास हें काम बंद पडलें आणि गांवास पुन्हां मोटारीच्या पाण्याची वाट पाहणें आलें. धुकें मात्र पूर्वींसारखेंच येत होतें.

आपल्याकडे अशीं जाळीं कां लावूं नयेत, असें कोणी विचारील. सह्याद्रीवर धुकें दाटतें तें मुख्यत्वें पावसाळ्यांत, म्हणजे पाण्याची वाण नसते तेव्हां. चैत्र-वैशाखांत घसा कोरडा पडतो तेव्हां तें नसतें. तेव्हां जाळ्यांपेक्षां चुंगुंगोचा अनुभवच आपण उचलावा. पागोळ्यांचें पाणी सांठविण्यासाठीं पुष्कळ घरीं पन्हळ व हौद मोठ्या हौसेनें होतात. पण दरसाल पन्हळींतील पाला कोणीं काढावा व हौद कोणीं घासावा, हें ठरलेलें नसतें. दहा माणसांच्या घरांत जें सर्वांचें काम, तें पुष्कळदां कोणाचेंच राहत नाहीं. यास्तव ज्येष्ठ लागण्यापूर्वीं घरांतील एकाच्या नांवें हें काम लावून द्यावें, आणि शक्य तर तो घरांतील तरुण मुलगा किंवा मुलगी असावी, एवढीच आमची सूचना आहे.