मुठीतली ढील



दसरा किंवा पाडवा आला, की गावात दोन-चार नव्या मोटरसायकली येतातच. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक! पेढे खाऊन झाले, की पहिली फेरी निघते. आणि फेरीहून परत आल्यावर हमखास ऐकू येतं, "गाडी छान आहे, पण झटके फार मारते!" मूठ जराशी पिळली, की टुणकन पुढे उडी. मूठ सोडली, की एकदम थबकते. मागे बसलेल्या आजीची तर पुरती धांदल उडते.

"नवं इंजिन आहे, ताकद जास्त," असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. पण दोष दर वेळी ताकदीचा नसतो बरं का! कित्येकदा तो दोन-चार मिलिमीटरचा असतो. कसा, ते पाहू.

उजव्या हातातली मूठ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. तिच्या आत एक बारीक पोलादी तार अडकवलेली असते. ती एका काळ्या नळीतून थेट इंजिनाकडे जाते. मूठ पिळली, की तार ओढली जाते आणि इंजिनात हवा सोडणारी एक छोटी झडप उघडते. जास्त हवा आली, की तिच्या जोडीला जास्त पेट्रोल जातं आणि इंजिनाचा जोर वाढतो. मूठ सोडली, की स्प्रिंग ती झडप परत मिटवते.

गंमत अशी, की मूठ फिरायला लागल्याबरोबर तार ताणली जात नाही. आधी ती थोडी मोकळी फिरते. हीच ढील. ही ढील फार असेल तर काय होतं? आपण मूठ फिरवतो, गाडी ढिम्म! आपण आणखी पिळतो आणि तेवढ्यात तार एकदम ताणली जाते. बसलाच झटका!

मग ढील अजिबातच नको का? छे! तसं केलं तर हँडल वळवताना नळी वाकते, आतली तार आपोआप ओढली जाते आणि इंजिन रेस होतं. म्हणजे वळणावर, जिथे वेग कमी हवा, तिथेच गाडी वेग घेणार. म्हणून ढील हवी, पण मोजकी. पुष्कळ गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत मुठीच्या कडेवर मोजून २ ते ६ मिलिमीटर ढील सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतच बघायचा.

हे मोजायला लागतं काय? तुमच्या कंपासपेटीतली पट्टी आणि खडूचा तुकडा! मात्र इंजिन बंद हवं आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात. मुठीच्या कडेवर एक खूण करा आणि तिच्यासमोर शेजारच्या स्विचच्या डब्यावर दुसरी. आई किंवा बाबांनी मूठ अगदी हळू फिरवावी आणि हाताला ताण लागताच थांबावं. दोन खुणांत किती अंतर पडलं, ते तुम्ही मोजा.

ढील कमी-जास्त करणं हे मोठ्यांचं किंवा मेकॅनिकचं काम. तारेच्या नळीवर एक अ‍ॅडजस्टर असतो आणि तो हलू नये म्हणून एक लॉकनट. आधी लॉकनट सैल करायचा, मग अ‍ॅडजस्टर थोडा-थोडा फिरवायचा. तो बाहेर आला, की ढील कमी होते. आत गेला, की वाढते. शेवटी लॉकनट पुन्हा घट्ट. मग गाडी उघड्यावर, मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहायचं. इंजिनाचा आवाज वाढता कामा नये, आणि सोडलेली मूठ टपकन जागेवर आली पाहिजे.

असाच अ‍ॅडजस्टर तुमच्या सायकलच्या ब्रेकच्या तारेवरही असतो. आजच शोधा पाहू!

आता कुणी म्हणेल, "ढील बरोबर आहे, तरी झटका बसतोच." तेही खरं. चेन सैल असली तरी झटका बसतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. चालत्या गाडीत मूठ पूर्ण मिटली, की ही यंत्रणा पेट्रोल थांबवते. मूठ उघडली, की पुन्हा सुरू करते. तो हलकासा धक्का पान्याने नाही, तर हाताच्या सवयीने कमी होतो. काही गाड्यांत तर तारच नसते, मुठीतला सेन्सर इंजिनाला संदेश देतो. तिथे पाना चालवायचाच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी एकदम पुढे उडाली, की जडत्वामुळे आपलं अंग मागे राहतं. हात हँडलला धरलेले असतात, त्यामुळे मनगट मागे ओढलं जातं आणि मूठ आणखी उघडते! गाडी जास्त पळते, अंग जास्त मागे जातं. घाबरलेला माणूस मूठ सोडायची सोडून घट्ट आवळतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. अंगणात उभ्या गाडीची किल्ली फिरवून "जरा रेस करून बघू" म्हणणाऱ्या मुलाच्या हातून नेमकं हेच होऊ शकतं. गाडी गिअरमध्ये आहे, हे त्याला ठाऊकच नसतं.

म्हणून पालकांनाही दोन शब्द. टाकीवर बसवलेल्या चिमुरड्याच्या हाती कौतुकाने मूठ देऊ नका. किल्ली गाडीला ठेवू नका. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते.

तेव्हा दोस्तांनो, अठरा वर्षांचे होईपर्यंत मूठ मोठ्यांची आणि पट्टी तुमची! या रविवारी मोजा आणि आकडा पुस्तिकेशी ताडून पाहा. जुळला नाही, तर पहिल्या सर्व्हिसिंगची वाट न बघता घरच्यांना सांगा. त्या दिवसापुरते घरातले इंजिनियर तुम्हीच!